एक्केचाळीस ताया आणि तीन वाफे

मंगळवार, दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या दोन्ही दुखऱ्या गुडघ्यांना धाकट्याचा वाकून नमस्कार. (माझे अजून वाकतात. उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो, आणि तेव्हा टेबल कुरकुरतं की मी, यावर घरात वाद आहे.) उजवा गुडघा कसा आहे? डाव्याबद्दल विचारत नाही, तो पहिल्यापासूनच नाटकी. भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार, आणि नातीच्या गालांचे माझ्या वाट्याचे पापे तूच घे. ती चालायला लागली असं कळलं. तू तिच्यामागे धावू नकोस. धावायचं काम जावईबापूंना दे. मागच्या फोटोत त्यांचं पोट मी पाहिलंय. पँट कमरेत दोन इंच सैल करावी लागणार, हवं तर पैज लाव.

इकडे सगळं क्षेम आहे. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे त्याला कुठे जागा मिळेल असं वाटत नाही.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तू विचारलं आहेस की अंगणातली फरशी घालून झाली का, आणि झाली असेल तर बरंच झालं, म्हणजे तिकडे आता माझं काही राहिलं नाही, महिनाअखेर लेकीला सांगून टाकते की मी कायमची इथेच राहते. हे मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग तुझ्या भावजयीनं माझ्या हातातून घेऊन मोठ्यानं वाचलं. तिन्ही वेळा अर्थ तोच निघाला. तेव्हा आता खरं काय ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

पाच महिन्यांपूर्वी तू लिहिलं होतंस की वाफ्यांच्या फळ्या कुजल्या आहेत, त्या काढून टाक आणि वर सरळ फरशी घाल, माझ्याच्यानं आता वाकवत नाही. ताई, त्यातलं पहिलं वाक्य मी तंतोतंत पाळलं. फळ्या काढल्या. (काढल्या म्हणजे काय, हात लावला नि त्या आपणहून आल्या. भावोजींनी खोक्यांच्या लाकडाचे केलेले वाफे ते, बिचारे इतकी वर्षं टिकले हेच पुष्कळ.) दुसऱ्या वाक्याचं मात्र जमलं नाही. मागच्या तीन पत्रांत मी तुला कळवलं होतं की फरशीवाल्याला ताप आलाय, मग त्याचा पाय मुरगळलाय, मग त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालंय. फरशीवाला ठणठणीत आहे. त्याला मेव्हणाच नाही. मी त्याला बोलावलंच नव्हतं. काल बाजारात भेटला तर त्यानं आपणहून माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर मी काय केलं ते ऐक. मी म्हटलं, ताईला वाकवत नाही ना, मग वाफ्यांनीच वर यावं. पायांवर उभे असलेले, कमरेएवढे उंच वाफे करायचे. ताईनं उभ्या उभ्या पेरावं, उभ्या उभ्या निंदावं, कंटाळा आला की उंच स्टुलावर बसावं, आणि गुडघ्यांनी खाली नुसती हजेरी लावावी. कल्पना वाईट नाही, हे तूही कबूल करशील. अंमलबजावणीबद्दल पुढे लिहितोच आहे.

आधी माती. जुन्या वाफ्यांतली माती पाहिली तर तिची वीट झालेली. फावडं मारलं की फावडंच परत यायचं. समोरच्या मास्तरांनी (निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग नाही, त्यामुळे मीच त्यांचा वर्ग) सांगितलं की काचेच्या बरणीत मूठभर माती घे, पाणी भर, खळखळून हलव आणि एक दिवस ठेवून दे. थर बसतील, त्यावरून मातीची जात कळेल. मी बिस्किटांची बरणी घेतली. बिस्किटं कुठे ठेवली असं विचारू नकोस, ती मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तळाला नखाएवढी वाळू आणि वर सगळी चिकणमाती. मास्तर म्हणाले, ही माती मडकी करायला उत्तम आहे. एवढं सांगून ते चहाला थांबले.

त्या मातीत थोरल्या वाफ्यात गांडुळं किती सापडली असतील? दोन. त्यातलं एक आळशी होतं. तुझी भावजय म्हणाली, वन्संच्या वाफ्यातली आहेत, मारू नका. तिनं ती चमच्यानं उचलली, एका फुटक्या बादलीत थोडी माती घालून ठेवली आणि रोज भाजीची सालं घालू लागली. (तो चमचा तीनदा घासलाय असं ती म्हणते. मी चहाला दुसरा घेतो.) त्या बादलीचं पुढे काम आहे, म्हणून लक्षात ठेव.

मग खत. गवळ्याला म्हटलं, शेणखत हवं. त्यानं विचारलं, किती? मी सवयीनं म्हटलं, जरा जास्तच दे, कमी पडायला नको. तो गाडी भरून घेऊन आला आणि अंगणात डोंगर करून गेला. नुसता डोंगर नाही, वाफाळता डोंगर. ताजं होतं ना! ताजं घातलं तर रोपांची मुळं जळतात, ते चार महिने कुजू द्यावं लागतं, हे मास्तरांनी मला गाडी रिकामी झाल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाले, तू विचारलं नाहीस. मग त्यावर पालापाचोळा टाकला, ताडपत्री झाकली, दर रविवारी फावड्यानं खालवर केलं. पहिले दोन आठवडे गल्लीत कोणी माझ्याशी बोललं नाही. ज्यांना बोलायचं होतं त्यांनी नाक धरलेलं असल्यामुळे नक्की काय म्हणाले ते कळलं नाही, आणि ते बरंच झालं. मास्तरांच्या खिडक्या सगळ्यात आधी बंद झाल्या. आपल्याच सल्ल्याचा वास कोणालाही सोसत नाही.

खत कुजेपर्यंत मी सुताराला बोलावलं. आता इथे एक गोष्ट तुला मान्य करावी लागेल की माणूस पस्तीस वर्षं शिंपी असेल तर तो एका दिवसात सुतार होत नाही. मी तिन्ही वाफे आधी कागदावर बेतले. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून प्रत्येक फळीचा नमुना कापला, त्यावर खडूनं खुणा केल्या, आणि सुतार आला तेव्हा ते नमुने फळ्यांवर टाचण्यांनी लावून ठेवले होते. त्यानं एक टाचणी उपटून पाहिली. मग म्हणाला, मालक, लाकूड आहे हे, पोलकं नाही. मी म्हटलं, तुम्ही फक्त कागदाबरहुकूम कापा. तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं आणि कागदाबरहुकूम कापलं. अगदी रेघेवर. तिथेच घात झाला.

कारण ताई, मी सवयीनं प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं जास्त सोडली होती. शिवणीत आत जायला! आयुष्यभर हेच केलं. कापड कमी पडलं तर वाढवता येत नाही, जास्त असलं तर आत घेता येतं, हा आपल्या धंद्याचा पहिला धडा. पण लाकूड शिवणीत आत जात नाही. ते जिथे आहे तिथेच राहतं आणि आपल्याकडे बघतं. एका वाफ्याला चार बोटं, म्हणजे तिघांना मिळून वीतभर लांबी वाढली. भिंतीपासून थोरला बसला, त्याला लागून मधला बसला, आणि धाकटा नेमका तुमच्या-आमच्या मागच्या दारासमोर आला. दार बाहेर उघडतं हे तुला माहीत आहेच. आता ते अर्धंच उघडतं. मी तिरका होऊन जातो. तुझी भावजय तिरकी झाली तरी तिची रुंदी काही फारशी बदलत नाही (हे वाक्य तिला दाखवू नकोस), त्यामुळे तिनं जाहीर केलं की दार धड उघडेपर्यंत अंगणात पाय ठेवणार नाही. सुताराला विचारलं, अहो, तुम्हाला दिसत होतं ना? तर म्हणाला, कागदावर तसंच होतं मालक. त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी कुठल्याही गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

मी काही खचलो नाही. वाफ्यांना आतून अस्तर लावायचं ठरवलं, म्हणजे ओल्या मातीनं लाकूड कुजायला नको. दुकान बंद केल्यापासून दारावरची ताडपत्री घडी करून ठेवली होती, तीच काढली. आपल्या जुन्या मशीनवर शिवली. सात सुया मोडल्या. पण कोपरे असे बसले आहेत की हात फिरवलास तर म्हणशील, धाकट्याचा हात अजून आहे. कडेला लाल गोटही लावलाय. सुतारानं विचारलं, हा गोट कशासाठी? मी म्हटलं, ताईसाठी.

मग मिश्रण. जुन्या मातीची ढेकळं फोडून दोन घमेली, त्यात एक घमेलं कुजलेलं शेणखत (आता त्याला कसा वास येतो सांगू? पावसात भिजलेल्या जंगलाचा. मास्तर स्वतःहून हुंगायला आले), अर्धं घमेलं जाडी वाळू आणि दोन मुठी चुरलेली पानं. माझा आणि सुताराचा समेट इथे झाला, कारण घमेली वाहायला दोघं लागतात आणि घमेलं हातात असताना भांडता येत नाही. थोरला वाफा काठोकाठ भरला. वर झारीनं पाणी घातलं. पाणी आत गेलं. आणखी घातलं. तेही गेलं. मग पुढचं वरच राहिलं. संध्याकाळपर्यंत वाफ्याचं डबकं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यात एक बेडूक येऊन बसला, अगदी घरचा असल्यासारखा. अस्तर मी इतकं पक्कं शिवलं होतं की पाण्याला खाली जायला वाटच ठेवली नव्हती! सगळी माती परत उपसली. सुतार म्हणाला, तळाला भोकं पाडा. नुसती भोकं पाडली तर ताडपत्री फाटत जाते, हे काय मला कळत नाही? मी काजं केली. हातानं, जाड दोऱ्यानं, एकेका वाफ्याला बावीस. सुतार स्टुलावर बसून तीन दिवस ते बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मालक, हे मात्र आमच्याच्यानं होणार नाही. ताई, त्या माणसाला मी सगळं माफ केलं.

तिन्ही वाफे पुन्हा भरले. पाणी घातलं, काजांतून टपटप खाली आलं, माती ओली पण मोकळी. मूठ वळली तर गोळा होतो, बोट लावलं तर फुटतो. मास्तरांनी शंभरपैकी नव्वद दिले. दहा कापले, का ते सांगितलं नाही.

आता तू म्हणशील, मग रडगाणं कशाचं? ऐक. परवा तुझी भावजय आपला पण मोडून अंगणात आली. तिरकी होऊन, श्वास रोखून, एका हातात ती फुटकी बादली. त्या दोन गांडुळांची चार महिन्यांत काय प्रजा झाली आहे! (त्या आळशाबद्दल मी घाईनं मत बनवलं होतं.) ती म्हणाली, वन्संची गांडुळं वन्संच्या वाफ्यात सोडते. गेली वाफ्यापाशी. आणि तिथेच उभी राहिली. वाफ्याची कड तिच्या खांद्याला लागत होती. बादली डोक्यावर धरून, टाचा उंचावून ती बघत होती, आणि बादली काही धड आत उपडी होत नव्हती. तुझ्या नि हिच्या उंचीत बोटभराचा फरक आहे, हे मला तुमच्या दोघींच्या शिलाईवरून पाठ आहे. मला कधी कळलं नाही, कारण मी हा असा बांबू, माझ्या ते पोटाशी येत होतं, आणि सुतार तर माझ्याहून उंच.

झालं होतं काय, तर उंची ठरवताना मी मापांची जुनी वही काढली होती. ताईची परकराची उंची म्हणजे कमरेपासून जमिनीपर्यंत, तेवढा वाफा, हा साधा हिशेब. वहीत सापडलं, ‘ताई, परकर उंची ४३.’ त्यात सवयीनं चार बोटं वाढवली आणि सुताराला सांगितलं. तुझ्या भावजयीनं वही हातात घेतली, पानं चाळली आणि मोजून सांगितलं की या वहीत एक्केचाळीस ताया आहेत. ताई, मी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला ताई म्हणायचो आणि तेच वहीत लिहायचो! मी उचललेली ताई कोण होती, सांगू? त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं, ‘खिसा, शिट्टीसाठी.’ शाळेतल्या कवायतीच्या बाई. त्या दारातून वाकून आत यायच्या. मी तुझ्यासाठी तीन वाफे केले आणि ते कवायतीच्या बाईंना अगदी बेतून बसतात.

मग आम्ही दोघांनी तुझं पान शोधायला सुरुवात केली. एक्केचाळीसही बघितली. तू एकातही नाहीस. आधी वाटलं वही हरवली असेल दुसरी, मग आठवलं. तुझं माप मी कधी लिहूनच घेतलं नव्हतं. टेप लावली तरी तुला चिडवायला. तू दारातून आत आलीस की मी डोळ्यानं घ्यायचो. बारीक झालीस तर कळायचं, जाड झालीस तर तोंडानं बोलायची छाती नव्हती पण कळायचं, भावोजी गेले त्या वर्षी दोन्ही खांदे उतरले तेही कळलं आणि न विचारता मी पोलक्यांचे खांदे आत घेतले. आता दीड वर्ष झालं, तू दारातून आत आली नाहीस. वही मिटून ठेवली आणि मला एकदम भरून आलं. तुझी भावजय म्हणाली, पुसा डोळे, नाहीतर मातीत मीठ जाईल. तीही रडत होती.

रोपं तयार आहेत. तुझ्या बटणांच्या डब्यात तू पुड्या करून ठेवलेल्या बियांची, वांग्याची नि टोमॅटोची, चहाच्या कपांत लावली आहेत. सगळी मशीनवर, खिडकीशी. बोटभर झाली आहेत, महिन्याभरात वाफ्यात जायला हवीत, नाहीतर लांबूळकी होऊन माना टाकतील. चहा आम्ही सध्या वाट्यांतून पितो.

तू लेकीकडे राहू नकोस असं मी म्हणत नाही. लेक तुझी आहे, नात तुझी आहे. फक्त इकडे तुझं काही राहिलं नाही असं जे लिहिलंस, ते खोडून टाक.

भावजयीचा नमस्कार, मास्तरांचा आणि सुताराचाही. बादलीतल्या मंडळींचा अलग.

तुझा, अजून तुझ्याहून उंच असलेला,
धाकटा

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलंच. भाचीला सांग, टेप घेऊन तुझं माप काढायला. अनवाणी, सरळ उभी राहा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत. तू स्वतः काढू नकोस, तू पोट आत घेतेस. आकडा कळव, सुतार पाय कापायला करवत घेऊन बसलाय. दाराचंही बघतो म्हणाला. धाकट्या वाफ्यातलं वीतभर कापणार आहे, कागदाशिवाय.

ता. क. दुसरा : फरशीवाल्याच्या तापासाठी तू पाठवलेल्या गोळ्या मी घेतल्या. वाफ्याच्या डबक्यातली माती उपसल्यावर ताप मलाच आला होता. खोटं बोललं की ते असं फिरून येतं. गुण आला.

ता. क. तिसरा : पाकीट डकवत होतो, पुन्हा उघडलं. वरचं माप पाठवू नकोस. पाठवलंस तरी मी ते धरणार नाही. पस्तीस वर्षांत मी लिहून आलेल्या मापावर एकदाही कापड कापलेलं नाही, तू साक्षीला आहेस. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय कात्री लावायची नाही. वाफ्यांचे पाय लांबच आहेत, ते वाट बघतील. तू दारातून आत ये, मी बघतो.